मागितले ३० हजार, आले ५ कोटी: एका निधीसंकलनाचं प्रकरण

हे प्रकरण ऑस्ट्रेलियातलं आहे: २०२० च्या सुरुवातीला, वणवे पेटलेले असताना, एका अभिनेत्रीने फेसबुकवर केलेल्या निधीसंकलनाचं. त्यातला बहुतेक तपशील तिथल्या न्यायालयाच्या निकालपत्रात आणि वर्तमानपत्रांत केव्हाच उघड झालेला आहे. तरीही यातल्या मुख्य व्यक्तीचं नाव मी घेत नाही. शोधणाऱ्याला ते मिनिटभरात सापडेल, पण नाव आलं की सगळी चर्चा तिच्यावर घसरते: ती भोळी की बेजबाबदार, मनापासून केलं की प्रसिद्धीसाठी. मला त्या पैशाच्या वाटेत जास्त रस आहे.

आधीच सांगतो, यात कोणी पैसे खाल्ले नाहीत. खोटी पावती नाही, बनावट संस्था नाही, गायब झालेला खजिनदारही नाही. ज्याने त्याने आपापलं काम नेकीने केलं. तरी अनेक देणगीदारांना फसल्यासारखं वाटलं, विश्वस्तांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि एका अभिनेत्रीला लोकांची समजूत घालत बसावं लागलं. म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं आहे. चोरी झालेली प्रकरणं तुलनेने सोपी असतात, तिथे चोर सापडला की फाइल मिटते.

पार्श्वभूमी

२०१९ च्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात पेटलेले वणवे नवं वर्ष उजाडलं तरी आटोक्यात आले नव्हते. त्या हंगामाला पुढे ‘ब्लॅक समर’ असं नाव पडलं. देशभरात ३३ जणांचा आगीत थेट बळी गेला, तीन हजारांच्या आसपास घरं जळाली. एकट्या न्यू साउथ वेल्स राज्यात ५० लाख हेक्टरांहून जास्त प्रदेश होरपळला. सिडनी विद्यापीठातल्या एका प्राणिशास्त्रज्ञाने त्याच दिवसांत अंदाज मांडला की देशभरात १०० कोटींहून अधिक प्राण्यांना या आगीची झळ बसली असावी. भाजलेल्या कोआलांचे फोटो जगभर फिरत होते.

आग विझवण्याचं बरंचसं काम तिथे रूरल फायर सर्व्हिस करते. ही राज्य सरकारची यंत्रणा आहे, पण प्रत्यक्ष ज्वाळांसमोर उभे राहणारे जवळपास सगळे बिनपगारी स्वयंसेवक असतात. न्यू साउथ वेल्समध्ये तेव्हा त्यांची संख्या ७० हजारांवर होती. गावोगावच्या त्यांच्या तुकड्यांना ब्रिगेड म्हणतात. शेतकरी, शिक्षक, दुकानदार अशी माणसं आपापली कामं सोडून आठवडेच्या आठवडे आगीवर होती. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्यातले तिघे गेले. दोघांची गाडी कोसळत्या झाडामुळे उलटली, तिसऱ्याची अवजड गाडी आगीच्या वावटळीने उलथवली.

याला राजकीय पदरही होता, आणि तो समजल्याशिवाय पुढचा पैशाचा लोंढा समजणार नाही. देश जळत असताना पंतप्रधान कुटुंबासह हवाईला सुटीवर गेले. बोभाटा झाला, ते परतले, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. आगीवर राबणाऱ्या स्वयंसेवकांना भरपाई द्यायला सरकार आधी राजी नव्हतं. अखेर वर्षाच्या शेवटी प्रत्येकी ६,००० डॉलरपर्यंत रक्कम द्यायचं ठरलं. लोक चिडलेले होते, हतबल होते आणि निवडणूक दूर होती. मला असं वाटतं की त्या जानेवारीत दिलेल्या अनेक देणग्या हे एका अर्थी मतदानच होतं. सरकारवरचा राग लोकांनी स्वयंसेवकांच्या नावे भरला.

अशा हवेत ३ जानेवारी २०२० च्या सुमारास एका विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर निधीसंकलनाचं पान उघडलं. मॉडेलांच्या नाजूक पोझेसची आपल्या चारचौघींसारख्या देहाने टर उडवणारी ती कलाकार. इन्स्टाग्रामवर तिचे लाखो चाहते. तिच्या सासरची माणसं राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर आगीच्या तोंडाशी सापडली होती, म्हणजे कळवळा खराच होता. तिने लक्ष्य ठेवलं ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचं.

दोन-तीन दिवसांत आकडा कोटींत गेला. पान बंद झालं तेव्हा ५ कोटी १० लाख डॉलरहून जास्त जमले होते, १३ लाखांच्या आसपास माणसांकडून. माणशी सरासरी काढली तर ४० डॉलरही भरत नाहीत. म्हणजे हा काही धनिकांचा पैसा नव्हता. लक्ष्याच्या १,७०० पट रक्कम आली होती. फेसबुकवर तोवर एवढं मोठं संकलन झालेलं नव्हतं.

पैसा नेमका कोणाला गेला

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या एका कृतीत आहे.

फेसबुकवर धर्मादाय संकलन सुरू करताना लाभार्थी संस्था यादीतून निवडावी लागते. शोधा, निवडा, पुढे जा. बोटाच्या दोन-चार टिचक्या मारण्याएवढं काम. तिने निवडलेल्या लाभार्थ्याचं पूर्ण नाव असं होतं: ‘द ट्रस्टी फॉर एनएसडब्ल्यू रूरल फायर सर्व्हिस अँड ब्रिगेड्स डोनेशन्स फंड’. नाव लांबलचक आणि रुक्ष. पण पुढचा सगळा पेच त्या नावातच लिहिलेला आहे. देणगी अग्निशमन सेवेला नाही, ‘ट्रस्टी’ला, म्हणजे एका न्यासाच्या विश्वस्तांना जात होती. आणि न्यास म्हटला की न्यासपत्र आलं.

हे न्यासपत्र २०१२ चं. त्यात पैशाचा विनियोग कशासाठी करायचा ते नेमून दिलेलं होतं: ब्रिगेडींना आग विझवण्याची साधनं आणि सोयी घेता याव्यात, त्यांची देखभाल करता यावी, प्रशिक्षण आणि साधनसामग्री मिळावी, आणि त्यांच्या स्वयंसेवी कामाशी निगडित प्रशासकीय खर्च भागावा. ब्रिगेड म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या ब्रिगेड. जळीतग्रस्त कुटुंबं यात नाहीत, प्राणी नाहीत, शेजारची राज्यंही नाहीत.

ज्याने हे न्यासपत्र लिहिलं त्याची काही चूक नव्हती. गावच्या ब्रिगेडला कोणी शंभर-दोनशे डॉलर दिले तर ते नीट जमा व्हावेत, त्यातून पंप, नळ्या, हेल्मेटं यावीत, यासाठी तो न्यास होता. उद्दिष्टं आखून घेण्यामागे कारण असतं. करसवलत उद्दिष्टाला बांधलेली असते आणि उद्याच्या एखाद्या उत्साही विश्वस्ताने पैसा भलतीकडे वळवू नये म्हणूनही कुंपण घालावं लागतं. संस्थांचे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. कुंपण एका परसाला घातलेलं होतं, त्यात अचानक धरणाचं पाणी आलं.

मध्ये आणखी एक टप्पा होता. फेसबुकवरचा पैसा थेट न्यासाकडे न जाता आधी पेपॅलच्या देणगी-न्यासाकडे, पेपॅल गिव्हिंग फंडकडे, जमा होत होता आणि तिथून पुढे पाठवला जाणार होता. देणगीदाराच्या डोळ्यांसमोर होती ती अभिनेत्री आणि जळणारी झाडं. त्याचा पैसा मात्र एका न्यासातून दुसऱ्या न्यासात चालला होता आणि दोन्हीकडे आपापली नियमावली होती.

अडचण

लाखांचे कोटी होऊ लागले तसे लोक विचारू लागले: एवढा पैसा एकाच राज्याच्या अग्निशमन दलाला कशाला? व्हिक्टोरियातही आग आहे, साउथ ऑस्ट्रेलियाचं कांगारू आयलंड जळतंय, घरं गेलेल्यांचं काय, कोआलांचं काय? प्रश्न रास्त होते. अभिनेत्रीनेही ते मनावर घेतले. तिने समाजमाध्यमांवर जाहीर केलं की यातला काही पैसा व्हिक्टोरियाला, साउथ ऑस्ट्रेलियाला, मृतांच्या कुटुंबांना आणि वन्यजीवांनाही मिळेल याची ती काळजी घेईल.

माझ्या मते सगळ्यात महागडं वाक्य हेच. हेतू वाईट नव्हता. पण तोवर पैशावर तिचा काही हक्क उरला नव्हता. तिने पान उघडलं होतं, पैसा घेतला नव्हता. वाटपाचा अधिकार तिच्याकडे कधीच आला नव्हता आणि ज्या विश्वस्तांकडे तो जाणार होता त्यांचे हात न्यासपत्राने बांधलेले होते. तिच्या त्या वाक्यानंतर देणगीदारांचे न कळत दोन गट पडले. काहींनी वाक्याआधी दिलं, अग्निशमन दलासाठी. काहींनी वाक्यानंतर दिलं, सगळ्यांसाठी. जमा झाले ते एकाच खात्यात.

प्रसिद्ध माणसाच्या शब्दाचं वजन त्याच्या अधिकाराच्या कितीतरी पट असतं. सामान्य कार्यकर्त्याने ‘मी बघतो, सगळ्यांना देऊ’ म्हटलं तर लोक विचारतात, तुम्ही कोण? तिला तसं कोणी विचारलं नाही. लाखो फॉलोअर असलेली व्यक्ती म्हणते आहे म्हणजे तिने चौकशी केलीच असणार, असं लोकांनी धरून चालायचं आणि लोक एवढ्या विश्वासाने देत आहेत म्हणजे व्यवस्था लवचीक असणारच, असं तिनेही धरून चालायचं. दोन्ही बाजूंची भिस्त एकमेकांवर आणि न्यासपत्र कोणीच उघडलेलं नाही.

दुसरी अडचण जरा आडबाजूची आहे, पण मला ती जास्त गंभीर वाटते. रक्कम किती यावी हे गरजेवरून ठरलं नाही, आवाजाच्या पोचेवरून ठरलं. ३० हजार हा आकडा कोणत्याही ब्रिगेडच्या मागणीपत्रातून आलेला नव्हता, आणि ५ कोटी हा आकडा तर कोणी मागितलाच नव्हता. त्याच महिन्यात बड्या गायक-अभिनेत्यांच्या लाखांतल्या देणग्याही वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत होत्या. कानाला ओळखीचं नाव असलेल्या संस्थांकडे ओघ गेला. बेघर कुटुंबाच्या भाड्याची सोय करणाऱ्या एखाद्या गावच्या समितीला असा चेहरा नव्हता.

पर्याय

यात निर्णयाचे क्षण तीन होते. पहिले दोन तिच्याकडे, तिसरा विश्वस्तांकडे.

पहिला, लाभार्थी निवडण्याचा. ती रेड क्रॉससारखी मदत-पुनर्वसनाचं व्यापक काम करणारी संस्था निवडू शकली असती. किंवा याच न्यासाचं न्यासपत्र आधी कोणाकडून वाचून घेऊ शकली असती. पण खरं सांगायचं तर ३० हजारांच्या लक्ष्यासाठी कोण वकिलाकडे जातं? तिने निवडलेला न्यास त्या लक्ष्याला अगदी योग्य होता. ३० हजार आले असते तर एखाद-दोन ब्रिगेडींना सामान मिळालं असतं, आभाराचा फोटो आला असता आणि विषय संपला असता. म्हणून हा निर्णय मी चूक मानत नाही.

दुसरा क्षण आकडा भडकला तेव्हाचा, आणि चूक झाली ती इथे. तेव्हा निदान तीन वाटा होत्या. पान तिथेच थांबवायचं आणि सांगायचं की अग्निशमन दलासाठी एवढं पुष्कळ झालं. किंवा पान चालू ठेवून कुटुंबांसाठी, प्राण्यांसाठी, इतर राज्यांसाठी वेगळी पानं उघडायची आणि नवा ओघ तिकडे वळवायचा. किंवा आहे त्याच पानावर ठळक लिहायचं की हा पैसा फक्त या राज्याच्या ब्रिगेडींसाठी आहे, दुसऱ्या कशासाठी द्यायचं असेल तर कृपया तिकडे द्या. तिसरी वाट सगळ्यात स्वस्त होती, दोन ओळींत भागलं असतं. पण वर चढणारा आकडा पाहणाऱ्या माणसाला ‘इथे देऊ नका’ म्हणवत नाही. मी छोट्या संस्थांत हे पाहिलंय. देणगी नाकारण्याचा ठराव मांडणारा सभासद पुढच्या सभेला एकटा बसतो.

ती यातल्या कोणत्याच वाटेने गेली नाही. पैसा त्याच ठिकाणी येत राहिला, आश्वासन मात्र रुंदावलं.

तिसरा क्षण विश्वस्तांचा. त्यांच्यासमोर रक्कम प्रचंड, जनमत तापलेलं आणि न्यासपत्र जुनं. काय करता आलं असतं?

न्यासपत्रावर बोट ठेवून सगळं ब्रिगेडींवर खर्च करता आलं असतं. कायद्याने निर्दोष, पण लोकांचा संताप ओढवून घेणारं. उलट, लोकेच्छा म्हणून परस्पर इतर संस्थांना वाटूनही टाकता आलं असतं. टाळ्या मिळाल्या असत्या आणि न्यासभंगाची जबाबदारी विश्वस्तांच्या व्यक्तिगत अंगावर आली असती. पैसे परत करण्याचीही मागणी होती. पण १३ लाख माणसांना, मधल्या न्यासातून, प्रत्येकाचा हेतू विचारत परत करायचे कसे? शिवाय न्यासासाठी दिलेली देणगी एकदा पूर्ण झाली की ती देणाऱ्याची राहत नाही.

उद्दिष्टच बदलून घेण्याचा एक जुना मार्ग धर्मादाय कायद्यात असतो. पण तो साधारणपणे मूळ उद्दिष्ट अशक्य किंवा निरर्थक झालं तर खुला होतो. इथे ब्रिगेडी धडधाकट होत्या, आग रोज नव्याने लागत होती. पैसा जास्त झाला म्हणून उद्दिष्ट मेलं असं म्हणता येत नाही. मग उरले दोन दरवाजे: न्यायालय आणि विधिमंडळ.

न्यायालयात

विश्वस्तांनी न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ला मागितला. हा दावा नसतो, यात कोणी आरोपी नसतो. विश्वस्त न्यायाधीशांना विचारतात की आमच्या न्यासपत्राच्या चौकटीत अमुक खर्च बसतो का. राज्याच्या विश्वस्त कायद्यात ही सोय आहे आणि तिचा वापर त्यांनी केला हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. ‘लोक काय म्हणतील’ याला न जुमानता आणि ‘लोक म्हणतात तेच करू’ यालाही न भुलता त्यांनी प्रश्न योग्य टेबलावर ठेवला.

प्रश्न मोजके होते. इतर धर्मादाय संस्थांना, इतर राज्यांच्या अग्निशमन सेवांना, आगीत पोळलेल्या माणसांना किंवा प्राण्यांना यातून मदत करता येईल का? आगीवर जखमी झालेल्या किंवा मरण पावलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी निधी उभारता येईल का? स्वयंसेवकांच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्यासाठी प्रशिक्षण, साधनं, आघातानंतरचं समुपदेशन यांवर खर्च करता येईल का?

२५ मे २०२० रोजी न्यायमूर्ती मायकेल स्लॅटरी यांनी उत्तर दिलं. पहिल्याला नाही. पुढच्या दोन्हींना हो.

निकालाचा सूर कोरडा नव्हता. देणाऱ्यांपैकी काहींची इच्छा किंवा आशा वेगळी असू शकते हे न्यायालयाने मान्य केलं, विश्वस्तांना त्या इच्छेचा मान राखायचा होता हेही नोंदवलं. पण धर्मादाय पैशाच्या वापरात निश्चितता असावी म्हणून कायद्याने काही तत्त्वं घालून दिलेली आहेत आणि ती समाजमाध्यमावरच्या वाक्याने वाकत नाहीत, असा त्याचा आशय. १३ लाख लोकांच्या मनात काय होतं ते शोधत बसलं तर कोणताच न्यास चालणार नाही, हे उघड आहे. न्यायालयाने न्यासपत्र मोडलं नाही, पण त्यातल्या शब्दांचा अर्थही चिमटीत धरून लावला नाही. नळ्या आणि पंपांच्या शेजारी बसलेल्या ‘प्रशिक्षण’ आणि ‘साधनसामग्री’ या दोन शब्दांत स्वयंसेवकाचं मन सावरण्याचा खर्च मावला.

निष्पत्ती

अभिनेत्रीने निकाल मान्य केला. आपण प्रयत्न केला, पण नाटकाचं शिक्षण घेतल्याने माणूस कायदे करणारा होत नाही, अशा अर्थाचं ती स्वतःच्याच शैलीत म्हणाली. विनोद होता, पण नेमका होता. टीका तिच्यावरही झाली आणि अग्निशमन सेवेवरही. विशेष म्हणजे सेवेने पैसा मागितलाच नव्हता. न मागता आलेल्या देणगीबद्दल ऐकून घेण्याची वेळ सेवेवर आली.

राज्याच्या विधिमंडळात, न्यासपत्राच्या मर्यादा ओलांडून पैसा वाटता यावा म्हणून, एक विधेयकही आलं. त्याचा कायदा झाला नाही. मला ते योग्यच वाटतं, जरी त्यामागची भावना कळते. आज लोकप्रिय कारणासाठी मागल्या तारखेने एक न्यासपत्र बदललं तर उद्या अप्रिय कारणासाठी दुसरं बदलायला कोणी कचरणार नाही. पण इथे राजकारण्यांची झालेली कोंडी पाहण्यासारखी आहे. एका कलाकाराने दिलेलं आश्वासन पाळायचं की नाही, याचं उत्तर निवडून आलेल्या माणसांना द्यावं लागत होतं. तिने निवडणूक लढवली नव्हती, ती कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर चढली नव्हती. तरी तिचं एक वाक्य सभागृहाच्या कामकाजापर्यंत जाऊन पोचलं.

पैसा न्यासाकडेच राहिला. जखमी स्वयंसेवक आणि मृतांची कुटुंबं यांच्यासाठी निधी, ब्रिगेडींना अनुदानं, संरक्षक साधनं अशा कामांकडे तो वळला. म्हणजे तो वाया गेला असं अजिबात नाही. बिनपगारी माणसाला चांगलं हेल्मेट मिळणं आणि त्याच्यामागे त्याच्या घरच्यांची सोय होणं ही लहान गोष्ट नव्हे. पण एक खुपणारा प्रश्न उरतोच. ही साधनं पुरवणं मुळात राज्य सरकारचं काम. देणगीच्या पैशाने ती येऊ लागली तर अंदाजपत्रकात तेवढी तरतूद करण्याचा दबाव सैल पडतो. सरकारवर चिडून दिलेला पैसा सरकारी यंत्रणेच्याच साहित्यखरेदीत गेला, ही त्या रागाची विचित्र परिणती आहे. ती मुद्दाम कोणी घडवून आणली नाही. यादीतून नाव निवडताना ती ठरून गेली होती.

हैतीत २०१० च्या भूकंपानंतर एका जगप्रसिद्ध गायकाच्या संस्थेकडे असाच लोंढा आला होता. तो मूळचा तिथलाच. त्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्षपदासाठीही पुढे आला, निवडणूक मंडळाने त्याला अपात्र ठरवलं. त्याच्या संस्थेच्या खर्चावर गंभीर आक्षेप आले आणि २०१२ मध्ये ती बंद पडली. बऱ्याचदा ही दोन उदाहरणं एका दमात घेतली जातात. ते बरोबर नाही. तिथे प्रश्न हिशेबाचा होता, संस्थाच गायकाची होती. इथे हिशेब चोख होता आणि अभिनेत्रीचा संस्थेशी संबंधच नव्हता. लेखापरीक्षणाने हैतीतली दुखणी पकडता येतात. ऑस्ट्रेलियातल्या या प्रकरणात लेखापरीक्षकाला काहीच सापडलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

त्याच अभिनेत्रीच्या बाबतीत याचं एक उत्तर दीड महिन्यात समोर आलं होतं. १६ फेब्रुवारी २०२० रोजी सिडनीच्या स्टेडियममध्ये वणवाग्रस्तांसाठी मोठी संगीत मैफल झाली. सूत्रसंचालन तिचंच. तिथे ९० लाखांहून अधिक डॉलर उभे राहिले आणि ते अग्निशमन दलं, मदत-पुनर्वसन आणि प्राणी यांत वाटायचे हे तिकीटविक्रीआधीच जाहीर झालेलं होतं. चेहरा तोच, आपत्ती तीच, प्रेक्षकही थोड्याफार फरकाने तेच. कोणाला न्यायालयात जावं लागलं नाही. फरक एवढाच की मैफलीमागे आयोजक होते आणि आयोजकांच्या आधी कागद होता. फेसबुकच्या पानामागे एक घाबरलेली सून होती.

म्हणून ‘प्रसिद्ध माणसांनी यात पडू नये’ हा सूर मला पटत नाही. ती पडली नसती तर जखमी स्वयंसेवकांसाठी एवढी तजवीज झाली नसती. पण विश्वस्तांच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट करता येण्यासारखी होती. आपल्या नावाने बाहेर कोणीतरी पैसा गोळा करतंय आणि तो दर तासाला लाखांनी वाढतोय हे दिसताक्षणी, मर्यादा सांगणारं निवेदन त्या पानाइतक्याच ठळकपणे लोकांपर्यंत जायला हवं होतं. आवाहन जितक्या दूर पोचलं तितक्या दूर न्यासपत्र पोचलं नाही. अशा वेळी संस्थेला वाटतं की आपल्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला भर चौकात कसं टोकायचं. संकोच समजतो, पण त्याची किंमत त्या माणसालाच मोजावी लागते.

फेसबुकसारख्या मंचाचं काय? यादीत संस्थेच्या नावाखाली तिचं उद्दिष्ट दोन ओळींत ठळक दिसलं असतं, किंवा लक्ष्याच्या शंभर पट रक्कम झाल्यावर पान आपोआप थांबून ‘पुढे काय?’ असं विचारलं गेलं असतं, तरी बरंच टळलं असतं. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. पण वाढता आकडा मंचालाही आवडतोच.

आणि विश्वस्तांनी न्यासपत्रातच एखादं कलम आधी घालून ठेवलं असतं तर? गरजेपेक्षा जास्त निधी आल्यास तो आपत्तीशी निगडित अमुक अमुक कामांना देता येईल, असं. मसुदा करणारे वकील हे सुचवतात आणि बैठकीत बहुधा कोणीतरी हसून म्हणतं, आपल्याकडे कुठला एवढा पैसा येणार. २०१२ मध्ये तिथे असं कोणी म्हणालं का, मला ठाऊक नाही. म्हणालं असेल तर त्या दिवशीच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं.

आता एखादी संस्था एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याला घेऊन निधीसंकलन करायचं म्हणते, तेव्हा मी आधी त्यांच्या उद्दिष्टांचं पान मागून घेतो आणि मग ठरवलेल्या आकड्यापुढे तीन शून्यं लिहून कागद परत देतो. बहुतेक जण शून्यांकडे पाहून हसतात. मग त्यातला एखादा उद्दिष्टांचं पान पुन्हा वाचायला घेतो.